उर्फ गोदावरी

अक्का,

तुला जाऊन आज सतरा दिवस झाले. तेरावं उरकलं, पंगत उठली, पाहुणे जीपगाड्यांनी सेनगावकडे पांगले आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच मी तुझ्या गोरेगावच्या ग्रामपंचायतीत जाऊन बसलो. तू असतीस तर म्हणाली असतीस, "नाम्याला दम म्हणून न्हाई." खरं आहे. तुझ्या मृत्यूच्या दाखल्यावर तुझं नाव नुसतं 'सुमन' लागणार होतं आणि मला त्याच्यापुढे एक शब्द आणि एक नाव वाढवून पाहिजे होतं. सुमन उर्फ गोदावरी.

तिथला पोरगा भला होता. तू त्याच्या गावची सून, म्हणून मला मामा म्हणाला. "मामा, कागदावर असंल तेच मला लिहिता येतं. आधारवर सुमन, रेशनकार्डावर सुमन, मतदार यादीत सुमन. गोदावरी कोण?"

मी खिशातून आपला पुडा काढला आणि त्याच्या टेबलावर ठेवला. "ही."

त्यानं पुड्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "मामा, ही तर हळद हाय."

तेवढ्यात दाजी आले. त्यांना कुणीतरी सांगितलं असणार. दारातच उभे राहिले. पस्तीस-चाळीस वर्षांत त्या माणसानं माझ्याशी कधी आवाज चढवला नव्हता, त्या दिवशीही चढवला नाही. "माझी बायको सुमन म्हणून या घरात आली, सुमन म्हणूनच गेली. तुमचं उर्फ तुमच्या पुड्यावर ऱ्हाऊ द्या, नामदेवराव." मला ते कायम नामू म्हणायचे. त्या दिवशी नामदेवराव झालो.

मी पुडा उचलला आणि निघालो. बाहेर आल्यावर मला रडू यायला पाहिजे होतं. मला राग आला. आणि तो तुझाच आला, अक्का. तू मेल्यावरही मी तुझ्यावर रागावतो, याची मला लाज वाटते, पण खोटं लिहून काय करू? तू एक सही केली असतीस तर मला असं तुझ्या दाखल्याच्या मागं हिंडावं लागलं नसतं.

हे सगळं कुठून सुरू झालं ते तुला माहीत आहे, तरी सांगतो, कारण तू माझी बाजू पूर्ण कधी ऐकलीच नाहीस.

बाविसाव्या वर्षी मी सायकलला गोणी बांधून हिंगोलीच्या गल्ल्यांत हळद विकत हिंडायचो. दुकानात वजन करून मिळणारी हळद सोडून बायकांनी माझ्याकडून का घ्यावी? त्या चिमूटभर हळद तळहातावर चोळायच्या, वास घ्यायच्या आणि विचारायच्या, "कोणाच्या घरची रे?" मी म्हणायचो, "आमच्या गोदाक्काची. गोरेगावला दिलीय. ती स्वतः शिजवते, स्वतः वाळवते." पहिली गोणी खरंच तुझी होती. कढईतून कधी काढायची, हळकुंड मोडलं की आतून कसं दिसलं पाहिजे, हे मला तूच शिकवलेलं. दुसरी गोणी तुझी नव्हती. तिसरीही नव्हती. पण पुढच्या खेपेला बायका दारात येऊन विचारू लागल्या, "गोदाक्काची आहे का?" व्यवहारात चाललेलं नाव कुणी बदलत नाही.

मग स्वतःची गिरणी झाली, पुडे छापायची वेळ आली. माझ्या लग्नातल्या फोटोत तू डोक्यावर पदर घेऊन कोपऱ्यात उभी होतीस. तेवढी तुला कापून घेतली आणि हिंगोलीतल्या एका पेंटरला दिली. त्यानं तुझं तोंड छान गोल केलं, कपाळावर ठसठशीत कुंकू काढलं आणि नाकात भली मोठी नथ घातली. खाली लाल अक्षरात 'गोदाक्का हळद'. पुड्यांचा पहिला खोका घेऊन मी तुझ्याकडं आलो होतो. तू ओट्यावर बसून पुडा उलटा-सुलटा करून पाहिलास आणि एवढंच म्हणालीस, "ही नथ कोणाची रे?"

मी हसलो. सगळ्यांना सांगत सुटलो, आमच्या अक्काला पुडा लय आवडला.

खूप वर्षांनी एकदा तुझ्या स्वयंपाकघरात पाणी प्यायला आलो तर फळीवर दुसऱ्याच कुणाच्या हळदीचा पुडा. माझं डोकंच सटकलं. "तुझं नाव, तुझा फोटो, तुझा सख्खा भाऊ, आन् तू दुसऱ्याची हळद आणून राहिलीस? लोकांनी पाहिलं तर?"

तू भाकरी थापत होतीस. थांबली नाहीस. "मला माझं तोंड फाडायला न्हाई जमत, नामू."

मला कळायला वेळ लागला. पुडा वरून फाडतात. वरच्या कडेला तुझं डोकं आहे. रोज कुठल्या ना कुठल्या घरात तुझ्या पदरापासून कुंकवापर्यंत चीर पडते. तू पुढं सांगितलंस की रिकामे पुडे तुमच्या गल्लीच्या नालीत पडलेले असतात, तोंड वर करून. तुझी सासू जिवंत होती तोवर म्हणायची, "घरात सुमन आन् उकिरड्यावर गोदाक्का." तू ते हसत सांगितलंस, म्हणून मीही हसलो. मी तेव्हा लगेच पेंटरला फोन करून चित्र खाली घ्यायला सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? पण छपाईचे साचे तयार होते. आणि तू काही मागितलं नव्हतंस. जो मागत नाही त्याला कुणी देत नाही, हे मी बाजारात शिकलो होतो आणि घरातही तेच चालवलं.

आता ते आखाताचं प्रकरण. तुला कुणी नीट समजावलं नव्हतं. मी समजावलं ते ओरडून.

आपल्याकडची, नांदेड-परभणीची कितीतरी पोरं तिकडं कामाला आहेत. ती सुट्टीवरून जाताना पुडे घेऊन जायची. ते पाहून तिथल्या एका दुकानदारानं माल मागवायला सुरुवात केली, मुंबईच्या एका निर्यातदारामार्फत. दुकानदार आपल्याच देशातला, तिकडं जाऊन बसलेला. चांगली तीन वर्षं माल गेला. मग एक दिवस निर्यातदाराचा फोन आला की माल बंदरावर अडवलाय. का? तर नकली म्हणून. तिथं 'गोदाक्का' हे नाव आणि नथीसकट तुझं चित्र त्या दुकानदारानं स्वतःच्या नावावर नोंदवून घेतलं होतं. तो आता दुसऱ्या कुणाची तरी हळद तुझ्या पुड्यात भरत होता, आणि आपली हळद, अक्का, आपलीच हळद त्याची नक्कल ठरली होती.

मी त्याला फोन लावला. शिव्या दिल्या, त्या इथं लिहीत नाही. त्यानं शांतपणे ऐकून घेतल्या. मग म्हणाला, "सेठ, यहाँ का कानून सीधा है. जिसने पहले लिखवाया, उसका. आपने क्यों नहीं लिखवाया?"

मी म्हणालो, "अरे ती माझी बहीण आहे!"

तो हसला. "बहन? सेठ, ये तो एक नाम है. गोदाक्का नाम की कोई औरत है भी क्या? दिखाओ."

त्या एका शब्दानं मला झोप लागेना. दिखाओ.

नांदेडला एक वकीलबाई आहेत, अशीच कामं करतात. वयानं माझ्या मुलीएवढ्या, पण डोकं थंड. त्यांनी मला खुर्चीवर बसवून सांगितलं की दुसऱ्या देशात इथली नोंदणी चालत नाही. तिथं आधी नोंदवेल त्याचा हक्क. याला एक पळवाट आहे. नाव खूप प्रसिद्ध असेल तर नोंदणी नसली तरी त्याला संरक्षण मिळतं.

मी टेबलावर हात आपटला. "मग झालं की! हिंगोलीपासून परभणीपर्यंत कोणत्याबी लेकराला विचारा गोदाक्का कोण."

"काका, हिंगोलीचं लेकरू तिथं चालत नाही. तिथल्या लोकांना तुमचं नाव माहीत होतं, तेही त्यानं नोंदवण्याच्या आधीपासून, हे कागदावर दाखवावं लागेल. तुम्ही पाठवलेल्या मालाची बिलं आणा."

मी तीन वर्षांची सगळी बिलं नेली. त्यांनी एकेक पाहिलं आणि बाजूला ठेवलं. मग विचारलं, "यात गोदाक्का कुठं आहे?"

कुठंच नव्हती. आपल्या बाजारात बिलावर मालाचा प्रकार लिहितात, वजन लिहितात, भाव लिहितात. 'हळद पावडर, एक नंबर.' सायकलच्या दिवसांपासून मी असंच लिहीत आलो. नाव तोंडी चालायचं. इतक्या वर्षांत मी भावासाठी माणसांशी भांडलो, तराजूच्या काट्यासाठी भांडलो, पण तुझं नाव एकाही कागदावर लिहिलं नाही. सगळ्या मुलखाला माहीत असलेलं नाव आणि त्याला एका चिठ्ठीचा आधार नाही.

तेव्हा वकीलबाई म्हणाल्या, "ही गोदाक्का खरी आहे ना? जिवंत आहे? मग आपल्याकडं याच्यापेक्षा पक्का मुद्दा आहे. जिवंत माणसाचं नाव आणि तोंड त्याच्या परवानगीशिवाय कुणालाच स्वतःच्या नावावर नोंदवता येत नाही. त्यांनी शपथेवर एवढं लिहून दिलं की हे नाव माझं, हे चित्र माझं, आणि परवानगी मी फक्त माझ्या भावाला दिली आहे, तर त्याची नोंदणी रद्द होऊ शकते."

मी खूश झालो. म्हटलं, जगातलं सगळ्यात सोपं काम. माझी अक्का तर आहे.

तो कागद घेऊन मी आलो त्या दिवशी तू तुरीच्या शेंगा सोलत बसली होतीस. तुझा चष्मा सापडेना, म्हणून मीच वाचून दाखवला. "मी सुमन उर्फ गोदावरी, शपथेवर लिहून देते की माझे नाव व चित्र वापरण्याची परवानगी मी माझा भाऊ नामदेव यास सुरुवातीपासून स्वखुशीने दिलेली आहे…"

"थांब," तू म्हणालीस. "मागचं वाच."

मी परत वाचलं.

"सुरुवातीपासून? स्वखुशीनं? मी कवा दिली?"

"अगं, असं लिहावं लागतं."

"शपथेवर?"

"तू दिली न्हाईस, पण नको बी म्हणाली न्हाईस ना."

"तू इचारलं असतंस तर म्हणले असते." तू शेंगा बाजूला सारल्यास. "नामू, लग्नात ह्यांनी ताटात तांदूळ पसरून आंगठीनं सुमन लिहिलं आन् मी सुमन झाले. कुणी इचारलं न्हाई, तवा इचारायची रीत नव्हती. पर माहेराला आले की चार दिवस मी गोदी ऱ्हायची. माय गेली, बाप गेला, मग गोदी म्हणणारा तू एकलाच उरला. तेवढं एक माझ्यापाशी होतं. ते बी तू दुकानाला लावलंस."

मी गप्प बसायला पाहिजे होतं. मी म्हणालो, "आता जुनं काढून काय करून राहिलीस? तिकडं एक चोर तुझं नाव विकून राहिला!"

"त्यानं इचारलं न्हाई म्हणून तू त्याला कोर्टात खेचून राहिलास," तू म्हणालीस. "बराबर हाय. मग मी कुठं जाऊ?"

पुढं मी जे बोललो ते दाजींनी ऐकलं, शेजारच्या दोन बायांनी ऐकलं. तेच आता माझ्याकडून परत ऐकून घे, म्हणजे मी विसरल्याचा आव आणला असं होणार नाही. मी म्हणालो, "नावाला मोठं मी केलं. न्हाई तर गोरेगावच्या बाहेर तुला कुत्रं ओळखत नव्हतं."

तू शेंगांचं सूप परत ओढून घेतलंस. मी कागदाची घडी घालून उठलो. दारापर्यंत आलो तेव्हा मागून आवाज आला, "च्या ठिवलाय, पिऊन जा." मी थांबलो नाही. सेनगावच्या फाट्यापर्यंत गाडी चालवताना मी एकटाच मोठ्यानं बडबडत होतो: सगळं या बाईसाठी केलं, दर दिवाळीला लुगडं, डोळ्यांचं ऑपरेशन, पोरीच्या लग्नात उभा राहिलो, आणि वरून मीच चोर. अजूनही हा सल गेलेला नाही. तू मला चोर म्हणाली नव्हतीस, हे मला माहीत आहे. पण मला तसं ऐकू आलं, आणि ते ऐकू येणं थांबत नाही.

चौथ्या दिवशी तुझा फोन आला.

"नामू, मी काय म्हणते, मागचं नको लिहूस. 'आजपासून देते' असं लिही. मी करते सही."

आता नीट ऐक, कारण हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. तू एवढं बोललीस आणि माझ्या मनात पहिला विचार आला तो असा: पार्टी खाली आली. बाजारात असंच असतं. समोरचा 'होणारच नाही' वरून 'एवढं सोडा' वर आला की सौदा झाल्यात जमा असतो. मग आपण घाई करायची नाही. गप्प बसायचं. जो आधी बोलतो तो हरतो. दोन-चार दिवस जाऊ दिले की राहिलेलं तेवढंही तो सोडतो. याच अकलेवर मी सायकलवरून गिरणीपर्यंत आलो. म्हणून मी तुला तेच म्हणालो जे प्रत्येक अडत्याला म्हणतो.

"बघतो."

आणि फोन ठेवला.

मी अकरा दिवस बघत होतो, अक्का. वकीलबाईंना विचारलंसुद्धा नाही की 'आजपासून' चालेल का. विचारायची गरज वाटली नाही, कारण तू पूर्ण कागदावर सही करशील अशी मला खात्री होती. रोज वाटायचं, आज तुझा फोन येईल. बाराव्या दिवशी सकाळी फोन आला तो दाजींचा. तू अंगण झाडता झाडता खाली बसलीस आणि उठली नाहीस.

तुला पोचवून आल्यावर तिसऱ्या दिवशी मी वकीलबाईंना फोन केला. सांगितलं. मग मी विचारलं, "अक्का म्हणत होती तसं, आजपासून देते, असं लिहिलं असतं तर?"

"चाललं असतं, काका. त्याच्याकडं तर कालचीही परवानगी नाही आणि आजचीही नाही. त्यांनी स्वतः येऊन हे तोंड माझं एवढं म्हटलं असतं तरी पुष्कळ होतं. त्या जिवंत होत्या, हाच मुद्दा होता."

आता तो मुद्दा गेला. आता नुसतं एवढं दाखवायचं उरलंय की अशी कुणी बाई होती, नाव कुणी मनानं रचलेलं नाही, आणि त्यानं ते जाणूनबुजून उचललं. त्यासाठी एखादा जुना कागद पाहिजे, ज्यावर तुझं माहेरचं नाव आहे. म्हणून मी तुझ्या दाखल्यावर उर्फ मागायला गेलो होतो. आणि तिथून हात हलवत आलो, म्हणून आपल्या गावी गेलो.

आपल्या गावच्या शाळेच्या गुरुजींनी मला दुपारभर बसवून घेतलं. कपाटातून जुनी रजिस्टरं काढली, झटकली. पानं पिवळी पडलीत, पण शाई शाबूत आहे. तू सापडलीस. गोदावरी, बापाचं नाव, गावाचं नाव, जन्मतारीख एक जून, सगळ्यांची असते तशी. पहिली, दुसरी, तिसरी पास. चौथीत नाव कमी केलं. तू आयुष्यभर सांगायचीस की तुला गणित जमेना म्हणून तू शाळा सोडलीस. आम्ही त्यावरून तुला चिडवायचोसुद्धा. तिथं एक रकाना असतो, शाळा सोडल्याचे कारण. त्यात कुण्या जुन्या गुरुजींनी स्वच्छ अक्षरात लिहिलंय:

'लहान भावास सांभाळणे.'

गुरुजींनी विचारलं, "कोण भाऊ, तुम्हीच का?" मी नुसती मान हलवली. ते म्हणाले, "मग तुमचं काम झालं की. याची सही-शिक्क्याची नक्कल देतो." काम झालं होतं. जगाच्या पाठीवर तुझं नाव असलेला एकच कागद होता, आणि त्यावर तुझ्या नावासोबत मी होतो.

ती नक्कल हातात घेऊन मी बराच वेळ शाळेच्या ओट्यावर बसून राहिलो. गुरुजींनी पाणी आणून दिलं. मी तुझे कधी आभार मानले असतील तर आठवत नाही. आपल्यात ती पद्धत नाही, असं म्हणून सुटता येईल. पण मी अडत्यांचे आभार मानतो, हमालांचे मानतो, बंदरावरच्या माणसाचेही मानले होते. हे लिहितोय ते थोडं त्यासाठीही. उशिरा मानलेल्या आभाराला बाजारात काय किंमत असते ते मला माहीत आहे.

आज सकाळी वकीलबाईंनी माझ्या स्वतःच्या प्रतिज्ञापत्राचा मसुदा पाठवला. परवापर्यंत तिकडं पोचला पाहिजे. त्यात सगळं व्यवस्थित मांडलंय: सायकल, पहिली गोणी, पेंटर, तीन वर्षांचा माल, शाळेच्या रजिस्टरची नक्कल. सातव्या परिच्छेदात लिहिलंय, 'माझी बहीण गोदावरी हिच्या पूर्ण संमतीने मी सदर नाव वापरण्यास सुरुवात केली.'

मी फोन केला. "सातवा खोडा."

"काका, तो खोडला तर ते विचारतील, मग तुम्ही तरी कुठल्या हक्कानं वापरलं? आपली बाजू कच्ची होते. त्या आता नाहीत, कुणी तपासायला येणार नाही."

"म्हणूनच खोडा."

"मग काय लिहू?"

"लिहा की विचारलं नव्हतं. आन् ती शेवटी 'आजपासून देते' म्हणाली होती, ते मी घेतलं न्हाई, ते बी लिहा."

वकीलबाई म्हणाल्या की असं लिहिल्यावर आपण बहुतेक हरू. मी म्हणालो, बराबर. मला वाटलं होतं, एवढं केल्यावर छातीवरचं ओझं उतरेल. नाही उतरलं. मला अजूनही त्या माणसाचा गळा धरावासा वाटतो. अजूनही वाटतं, तू त्या दिवशी सही केली असतीस तर.

आणि खोटं का सांगू, पुडे आजही निघालेत. गिरणी चालू आहे, सकाळीच गाडी भरून वसमतला गेली. तुझं नाव काढून टाकायचं मनात आलं, काढलं नाही. काढलं तर तुला गोदी म्हणणारं कुणीच उरणार नाही, असं मी स्वतःला सांगतो. ते किती खरं आणि किती धंद्याचं, ते मला ठरवता येत नाही. तू असतीस तर एका वाक्यात ठरवलं असतंस.

तो माणूस तिकडं तुझं नाव विकत राहील. मी इकडं विकतोय. त्याला माहीत नव्हतं की गोदावरी नावाची कुणी बाई खरंच आहे. मला माहीत होतं. तू चालत जाण्याच्या अंतरावर नव्हतीस, पण जीपनं तासाभरात पोचता यायचं. मला एकदा येऊन विचारता आलं असतं.